स्वस्त कॅमेरा आणि प्रकाशाचा हिशेब

डिजिटल कॅमेऱ्याच्या खोक्यावर जे आकडे सर्वांत ठळक छापलेले असतात, म्हणजे मेगापिक्सेलची संख्या आणि झूमचे पट, ते छायाचित्राच्या दर्जाविषयी सर्वांत कमी सांगतात. आणि जे आकडे खरोखर निर्णायक असतात, म्हणजे सेन्सरचे क्षेत्रफळ आणि लेन्सचे प्रकाशछिद्र, ते माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत दडलेले असतात. बेताच्या पैशांत पहिला कॅमेरा घेणाऱ्याची फसगत बहुधा इथेच होते. कॅमेरा हे मुळात प्रकाश गोळा करून मोजणारे यंत्र आहे, ही एक गोष्ट पक्की धरली, तर बाजारातल्या बहुतेक प्रश्नांचा निकाल एकाच कसोटीवर लावता येतो, आणि ती कसोटी म्हणजे खर्च केलेल्या रुपयात किती प्रकाश पदरात पडतो.

या कसोटीमागचे विज्ञान थोडक्यात असे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या घटकाची कल्पना मांडली, ज्यात सिलिकॉनवर पडलेल्या प्रकाशामुळे विद्युतभार निर्माण होतो आणि तो रांगेने पुढे सरकवून मोजला जातो. या कामासाठी दोघांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये असाच एक सीसीडी वापरून जो पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याची चित्रे अवघ्या ०.०१ मेगापिक्सेलची, तीही कृष्णधवल होती आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आजच्या कॅमेऱ्यांत सीसीडीची जागा कमी वीज खाणाऱ्या सीमॉस सेन्सरने घेतली असली, तरी मूळ काम तेच राहिले आहे: प्रत्येक पिक्सेलवर प्रकाशाचे किती कण, म्हणजे फोटॉन, येऊन आदळले ते मोजणे. हे कण एकसारख्या गतीने येत नाहीत. सरासरी १०० फोटॉन येणार असतील तर प्रत्यक्ष मोजणीत सुमारे १० चा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के चूक राहते. सरासरी १०,००० फोटॉन येणार असतील तर चढउतार सुमारे १०० चा होतो आणि चूक १ टक्क्यावर येते. संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोत जो रंगीबेरंगी खरखरीतपणा दिसतो आणि ज्याला छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात, तो मुख्यतः या अपुऱ्या मोजणीचा परिणाम असतो. त्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे अधिक प्रकाश गोळा करणे.

अधिक प्रकाश गोळा करण्याचा पहिला मार्ग म्हणजे मोठा सेन्सर. ‘फुल फ्रेम’ या नावाने ओळखला जाणारा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटर असतो. त्याखालचा एपीएस-सी सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिलिमीटर, आणि खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांत सर्रास आढळणारा १/२.३ इंची सेन्सर जेमतेम ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो. या इंचांच्या हिशेबाने पुष्कळांचा घोटाळा होतो, कारण ‘१ इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो आणि त्याची कोणतीही बाजूच काय, कर्णसुद्धा एक इंच भरत नाही. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतील व्हिडिकॉन या काचनळीवरून आले आहे. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असला तरी आतला उपयोगी भाग बराच लहान असे, आणि नळ्या गेल्यावरही विक्रीला सोयीचे ते माप तेवढे मागे राहिले. म्हणून नावे बाजूला ठेवून क्षेत्रफळच पाहावे. एपीएस-सी सेन्सरचे क्षेत्रफळ १/२.३ इंची सेन्सरच्या सुमारे तेरा पट भरते, तर फुल फ्रेमचे एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून थोडे अधिक. पहिली झेप प्रचंड आहे आणि दुसरी तुलनेने लहान, शिवाय दुसऱ्या झेपेसाठी मोजावे लागणारे पैसे फार जास्त आहेत. नवशिक्याने एपीएस-सीवर थांबावे, असे म्हणण्याचे कारण या गुणोत्तरात आहे.

मेगापिक्सेलचा प्रश्न साध्या गुणाकाराने सुटतो. १२ × ८ इंचांचा छापील फोटो दर इंचाला ३०० ठिपके या उत्तम दर्जाने काढायचा असेल तर ३६०० × २४०० पिक्सेल, म्हणजे ८.६ मेगापिक्सेल पुरतात. ४के टीव्हीच्या पडद्याला ८.३ मेगापिक्सेल लागतात. गेल्या दहा-बारा वर्षांतील जवळपास कोणत्याही एपीएस-सी कॅमेऱ्यात १६ ते २४ मेगापिक्सेल असतातच, म्हणजे काटछाट करूनही भरपूर उरतात. फोनच्या जाहिरातींतील ५० मेगापिक्सेलचा आकडा तर बहुतेक वेळा वापरलाच जात नाही, कारण अशा सेन्सरमधील चार-चार शेजारी पिक्सेलांची बेरीज करून फोन साधारण १२ मेगापिक्सेलचे चित्र देतो.

फोनचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकायला हवी. चांगल्या फोनमधील मुख्य सेन्सर आता १/२.३ इंची सेन्सरपेक्षा मोठे असतात आणि त्यांच्यामागे अनेक झटपट चित्रे एकत्र करून एक चित्र घडवणारी संगणकीय प्रक्रिया असते. त्यामुळे डाळीएवढ्या सेन्सरचा स्वस्त खिशातला कॅमेरा घेणे हा आज पैशांचा अपव्यय आहे. घरगुती समारंभ, सहली आणि समाजमाध्यमांवरची चित्रे एवढाच हेतू असेल, तर कॅमेरा न घेणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. कॅमेऱ्याची गरज सुरू होते ती दूरचा पक्षी, धावता खेळाडू, मंद उजेडातले नाटक किंवा मोठी छपाई अशा ठिकाणी, आणि त्याहूनही म्हणजे प्रकाशावर स्वतःच्या हाताने ताबा मिळवण्याची इच्छा असेल तेव्हा.

दूरच्या पक्ष्यांसाठी मात्र लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांची एक जात अजून टिकून आहे, आणि तिचे मर्म समजण्यासाठी निकॉनचा २०१५ मधला पी९०० हा नमुना पाहण्याजोगा आहे. त्याचे झूम ८३ पट, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २४ ते २००० मिलिमीटर. प्रत्यक्षात लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजे लेन्सपासून प्रतिमा जिथे एकवटते तिथपर्यंतचे अंतर, कमाल ३५७ मिलिमीटरच आहे, पण सेन्सर इतका लहान आहे की दृश्याचा अगदी चिमुकला भाग त्यावर मावतो आणि पक्षी जवळ आल्याचा भास होतो. भिगवणला उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यात उतरलेले रोहित सकाळच्या लख्ख उन्हात अशा कॅमेऱ्याने उत्तम टिपता येतात, आणि एवढा पल्ला देणारी मोठ्या सेन्सरची लेन्स सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असते. सूर्य कलला, की तोच कॅमेरा केविलवाणा होतो. हा कॅमेरा एका कामापुरता आहे, हे जाणून घेतला तर वाईट नाही. ‘सगळे एकातच’ म्हणून घेतला तर निराशा ठरलेली आहे.

सर्वसाधारण नवशिक्यापुढे खरी निवड उरते ती डीएसएलआर आणि मिररलेस या दोन जातींची. डीएसएलआरमध्ये लेन्समागे एक तिरका आरसा असतो, जो प्रकाश वर डोळ्याच्या खिडकीकडे वळवतो आणि फोटो काढताना क्षणभर उचलला जातो. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो, सेन्सरला दिसणारे दृश्य थेट पडद्यावर येते, त्यामुळे फोटो उजळ येणार की काळपट हे बटण दाबण्याआधीच कळते आणि चेहऱ्यावरचा, डोळ्यावरचा फोकसही अधिक अचूक लागतो. नवे संशोधन, नव्या लेन्स सगळे आता मिररलेसकडे वळले आहे. परंतु मोठ्या सेन्सरच्या बाबतीत दोन्ही जाती सारख्याच आहेत, आणि व्यावसायिक लोक डीएसएलआर सोडून जात असल्यामुळे जुन्या बाजारात त्या पुष्कळदा नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. निकॉनचा डी३५००, ज्याचे उत्पादन आता थांबले आहे, किंवा कॅननचा १५००डी, हे दोन्ही २०१८ मधले, २४ मेगापिक्सेलचे आणि शिकण्यासाठी आजही पुरेसे कॅमेरे आहेत. डी३५०० ची बॅटरी तर प्रमाणित चाचणीत १,५५० फोटो पुरते, जिथे स्वस्त मिररलेस कॅमेरे तीनशे-चारशेच्या आसपास थकतात. नवाच घ्यायचा आणि व्हिडिओही महत्त्वाचा असेल, तर कॅनन आर५० किंवा निकॉन झेड३० हे मिररलेस अधिक योग्य, मात्र झेड३० ला डोळा लावण्याची खिडकी नाही आणि कॅननच्या त्याहून स्वस्त आर१०० चा पडदा ना वळतो ना स्पर्शाने चालतो, हे दुकानात हातात घेऊन पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

जुना कॅमेरा घेताना भावनेपेक्षा टॉर्च उपयोगी पडते. लेन्सची दोन्ही झाकणे काढून तिच्यातून फोनच्या टॉर्चचा उजेड तिरका सोडला, की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंची बुरशी असल्यास उठून दिसते. धुळीचे दोन-चार कण चालतात, बुरशी चालत नाही. प्रकाशछिद्र बारीक करून, एफ/१६ ला, पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढून तो पडद्यावर मोठा करून पाहिला, तर सेन्सरवरचे डाग काळपट ठिपक्यांच्या रूपाने उघडे पडतात. शटर, म्हणजे सेन्सरसमोरचा यांत्रिक पडदा, किती वेळा उघडला याची मोजणी, ज्याला बाजारात ‘शटर काउंट’ म्हणतात, ती पुष्कळ कॅमेऱ्यांच्या फोटोफाइलीत नोंदलेली असते. सुरुवातीच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांचा शटर साधारण एक लाख वेळांच्या हिशेबाने बनवलेला असतो, त्यामुळे वीस-तीस हजारांचा आकडा निर्धास्तपणे स्वीकारावा, मात्र नव्वद हजारांवर घासाघीस करावी. मेमरी कार्डाच्या खाचेतील पिना वाकलेल्या नाहीत ना, बॅटरी फुगलेली नाही ना, हेही बघावे. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजारासारख्या जुन्या पेठेत किंवा ओळखीच्या माणसाकडून घेताना बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून पाहणे हा शिष्टाचाराचा भंग नव्हे. नव्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ‘बिलाविना’ सांगितला जाणारा कमी भाव हा बहुतेक करचुकवेगिरीचा भाव असतो, आणि त्याबरोबर कंपनीची हमीही जाते. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यापासून तर या मोहाचे कारण आणखी कमी झाले आहे.

प्रकाश गोळा करण्याचा दुसरा मार्ग लेन्सचा, आणि पैशांच्या मानाने सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. लेन्सच्या आतील कमीजास्त उघडणारे छिद्र, म्हणजे अपर्चर, ज्या आकड्याने सांगितले जाते तो आकडा नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येतो, म्हणून आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची ‘किट लेन्स’ ५५ ला एफ/५.६ पर्यंतच उघडते, म्हणजे छिद्र जेमतेम १० मिलिमीटरचे. ५० मिलिमीटर एफ/१.८ या झूम नसलेल्या लेन्सचे छिद्र जवळजवळ २८ मिलिमीटरचे असते, आणि सेन्सरवर सुमारे साडेनऊ पट प्रकाश पडतो. देवघरातल्या समईच्या उजेडात किट लेन्सला १/१५ सेकंद लागत असेल, तर हिला १/१२५ सेकंद पुरतो, आणि पहिल्या फोटोत हललेला चेहरा दुसऱ्यात स्थिर येतो. ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे, हा नवशिक्याच्या दृष्टीने एक सुखद योगायोग आहे. दोन सूचना तेवढ्या ध्यानात ठेवाव्यात. एपीएस-सी सेन्सरवर ५० मिलिमीटरची चौकट फुल फ्रेमवरील ७५ ते ८० मिलिमीटरएवढी अरुंद होते, त्यामुळे लहान खोलीत चार माणसे मावत नाहीत आणि अशा घरासाठी ३५ मिलिमीटर अधिक सोयीची पडते. आणि निकॉनच्या डी३५०० सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसल्यामुळे नावात ‘एएफ-डी’ असलेल्या जुन्या लेन्स त्यांवर आपोआप फोकस करत नाहीत, तिथे ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ हीच अक्षरे पाहून घ्यावी लागतात. दुकानदार ‘कॉम्बो’ म्हणून देऊ करतो ती बॅग, हलका तिपाई स्टँड आणि काचेचा फिल्टर यांवरचा खर्च वाचवला, तर या लेन्सच्या किमतीचा बराचसा भाग तिथेच भरून निघतो. वाऱ्यात थरथरणारा स्टँड असून नसून सारखाच.

वापराकडे वळताना उरलेल्या दोन नियंत्रणांची ओळख करून घेणे भाग आहे. शटरचा वेग म्हणजे सेन्सर किती काळ उघडा राहतो ते प्रमाण. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी ढोबळ नियम असा, की हा काळ फुल फ्रेमच्या हिशेबाने येणाऱ्या नाभीय अंतराच्या व्यस्तापेक्षा अधिक नसावा, म्हणजे ८० मिलिमीटरला १/८० सेकंद किंवा त्याहून कमी. लेन्समधील स्थिरीकरणाची सोय हाताचा कंप भरून काढते, पण समोरच्या मुलाचे पळणे थांबवत नाही. तिसरे नियंत्रण आयएसओ, आणि त्याविषयी एक गैरसमज फार रूढ आहे: आयएसओ वाढवल्याने कॅमेरा अधिक प्रकाश घेत नाही, घेतलेला प्रकाश फक्त वाढवून दाखवतो, आणि त्याबरोबर मोजणीतली चूकही उघडी पडते. तिन्ही नियंत्रणे दुपटीच्या किंवा निमपटीच्या पायऱ्यांनी चालतात, आणि या पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. भर उन्हात आयएसओ १०० असताना एफ/१६ ला १/१०० सेकंद बरोबर येतो, हा फिल्मच्या काळापासूनचा हिशेब आहे. छिद्र दोन स्टॉप उघडून एफ/८ केले, तर वेग १/४०० करावा लागतो आणि फोटोचा उजळपणा तोच राहतो. बदलते ते चित्राचे रूप, कारण मोठ्या छिद्राने मागचे दृश्य धूसर होते, तर लहान छिद्राने जवळचे फूल आणि दूरचा डोंगर दोन्ही रेखीव येतात. कासच्या पठारावरची फुले आणि त्यामागचे ढग एकत्र हवे असतील तर एफ/८ ते एफ/११ पुरे. त्याहून बारीक छिद्राने प्रकाशलहरी छिद्राच्या कडेला पसरण्याचा, म्हणजे विवर्तनाचा, परिणाम वाढून रेखीवपणा उलट कमी होऊ लागतो.

तबकडीवरील हिरव्या ‘ऑटो’मधून बाहेर पडण्याची सर्वांत सोपी पायरी म्हणजे ‘ए’ किंवा ‘एव्ही’ हा प्रकार, ज्यात छिद्र माणूस ठरवतो आणि वेग कॅमेरा. ‘एम’, म्हणजे सगळेच हाताने, हे सुरुवातीला शिकवण्याची जी पद्धत पडली आहे तिच्यात शिस्तीपेक्षा दिखावा अधिक आहे. त्याऐवजी अधिक-उणे चिन्हाचे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे बटण आधी शिकावे, कारण कॅमेऱ्याची प्रकाशमापनाची रीतच अशी आहे की तो समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. आषाढीच्या वारीत पांढरे सदरे, पांढरी धोतरे आणि टोप्या यांनी चौकट भरली, की कॅमेरा ते सगळे करडे करून टाकतो. तिथे +२/३ ते +१ द्यावे लागते. वेरूळच्या कैलासाचा काळा कातळ पुढ्यात आला, तर उलट तो विटका, राखाडी येतो आणि -२/३ किंवा -१ ची गरज पडते. पडद्यावर काढलेला फोटो उजळ दिसतो की नाही हे उन्हात कळत नाही, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे अंधारापासून उजेडापर्यंत किती पिक्सेल कुठे पडले याचा आलेख, पाहण्याची सवय लावावी. आलेख उजव्या कडेला आदळून कापला गेला असेल, तर तिथला तपशील बहुधा कायमचा गेला.

तो तपशील वाचवण्याची शक्यता वाढते ती ‘रॉ’ फाइलीने. जेपेग फाइलीत प्रत्येक रंगाच्या २५६ छटाच साठवता येतात, तर १२ बिटांच्या रॉ फाइलीत ४,०९६ आणि १४ बिटांच्या फाइलीत १६,३८४ छटा राहतात, म्हणून काळवंडलेला भाग नंतर संगणकावर उजळवता येतो. पहिले काही महिने दोन्ही प्रकारांत एकदम साठवण्याची सोय वापरावी आणि जागेची कुरकुर सोसावी, हे बरे.

अजिंठ्याच्या लेण्यांत हा सगळा हिशेब एकत्र कसाला लागतो. तिथल्या भित्तिचित्रांना इजा होऊ नये म्हणून फ्लॅशला बंदी आहे, स्टँडलाही परवानगीवाचून मुभा नसते, आणि आत मुद्दाम मंद ठेवलेला उजेड असतो. किट लेन्स १८ मिलिमीटरला, जिथे ती एफ/३.५ पर्यंत उघडते, तिथेच ठेवावी, आयएसओ ३२०० पर्यंत जाऊ द्यावा, खांबाला पाठ टेकून श्वास रोखावा आणि तीन-चार फोटो लागोपाठ काढावेत, म्हणजे त्यांतला एक तरी स्थिर येतो. फोकसचे बिंदू आपोआप निवडण्याचे काम मात्र कॅमेऱ्यावर सोपवू नये; मधला एकच बिंदू ठेवून, चित्रातील डोळ्यासारख्या ठळक कडेवर बटण अर्धे दाबून फोकस बांधावा, मग चौकट जुळवून ते पूर्ण दाबावे. अंधारात कॅमेऱ्याला एकसारख्या रंगाच्या भिंतीवर फोकस सापडत नाही, कारण त्याला उजेड-अंधाराचा फरक लागतो.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, तसेच गोव्यात, कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू पाण्याचा थेंब नसून पावसाळ्यातली दमट हवा आहे. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली, की लेन्सच्या काचांवर बुरशी धरू लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये किनारपट्टीवर ती ८० टक्क्यांच्याही वर असते. कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवणे ही सर्वांत वाईट पद्धत, कारण पिशवी ओल धरून ठेवते. स्वयंपाकघरात वापरतात तसला घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्यावर आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर राखता येते. जेलचे दाणे नारिंगीचे हिरवे किंवा निळ्याचे गुलाबी झाले, की ते ओल पिऊन तुडुंब झाले असे समजून ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरावेत. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आलेल्या थंड लेन्सवर बाष्प साचते, म्हणून बंद पिशवीतच अर्धा तास तिला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी आणि तोवर लेन्स बदलू नये. एवढे करूनही बुरशी दिसलीच, तर ती लेन्स इतर लेन्सपासून ताबडतोब वेगळी ठेवावी. वरवरची असेल तर कारागीर लेन्स उघडून ती पुसून काढतो, पण बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर ओरखडे राहतातच. आणि लेन्स साधी १८-५५ ची असेल, तर दुरुस्तीचा खर्च विचारण्याआधी जुन्या बाजारात तशीच दुसरी लेन्स कितीला मिळते ते विचारावे, कारण पुष्कळदा तीच स्वस्त पडते.